मामाच्या शेडमधली ११८

परवाच्या रविवारी नाशिकजवळ मखमलाबादला मामाच्या शेडमधून माझी जुनी गाडी, प्रीमियर ११८ एनई, गेली. गेली म्हणजे चालत नाही, चालत असती तर विकलीच नसती. ब्रेक गंजून धरले होते त्यामुळे चार पोरांनी निम्मी ढकलत निम्मी उचलत दारापर्यंत आणली, मग टोइंगवाल्याने वायर लावून वर ओढली तेव्हा पुढची चाकं फरफटत गेली आणि असा काही आवाज झाला की मळ्यातली कुत्री भुंकायला लागली. मामा कमरेवर हात ठेवून बघत होता. गाडी गेटातून वळली तसा म्हणाला, "चला, पावसाच्या आत ब्लोअर आत घेता येईल."

त्याचं काही चुकलं नाही. सहा वर्षं त्या माणसाने द्राक्षाच्या फवारणीचा ब्लोअर बाहेर ताडपत्रीखाली ठेवला आणि माझी न चालणारी गाडी आत, कोरड्यात. दरवर्षी ऑक्टोबर छाटणीच्या सुमाराला फोन यायचा, "भाचेबुवा, तुमच्या विमानाचं काय करायचं?" मी म्हणायचो, मामा, दिवाळीनंतर काढतोच कामाला. मामी म्हणायची असू दे हो, कोंबडीची सोय झालीये, कारण एक कोंबडी खरंच मागच्या सीटवर ठाण मांडून बसली होती आणि अंडी तिथंच घालायची.

हे लिहायचं कारण असं की गाडी गेल्यापासून मित्रमंडळी फोन करून माझं सांत्वन करतायत, घरात कोणी गेल्यासारखं. आणि मला खरं सांगायचं तर हलकं वाटतंय, आणि हलकं वाटतंय याची थोडी लाजही वाटतेय, म्हणून म्हणलं एकदाचं लिहून टाकावं.

ज्यांना ११८ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पद्मिनी सगळ्यांना माहीत असते, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी, ती फियाट ११०० वरनं आलेली. ११८ एनई प्रीमियरने १९८५ साली काढली, पद्मिनीची शिकलेली धाकटी बहीण म्हणा. बॉडी फियाट १२४ ची, जी १९६७ साली युरोपात कार ऑफ द इयर झाली होती, आणि आत इंजिन निस्सानचं, ए१२, ११७१ सीसी. एनई म्हणजेच निस्सान इंजिन. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, हिचा खाली. मागच्या चाकांना ड्राइव्ह. चौकोनी, सरळ रेषांची, शाळेतल्या पोराने पट्टीने काढल्यासारखी गाडी, आणि मला ती लहानपणापासून जगात सगळ्यात भारी वाटायची कारण आमच्या गल्लीत ती फक्त एका वकिलांकडे होती आणि ते आम्हाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

याच १२४ वरनं रशियात लाडा निघाली आणि ती मालिका तिकडे पार २०१२ पर्यंत बनत होती, निस्सानचं ते इंजिनही डॅटसनमध्ये देशोदेशी गेलं, त्यामुळे पार्टचं टेन्शन घेऊ नका, जगभर मिळतात, असं मला २०१९ मध्ये विकणाऱ्याने सांगितलं. जगभर मिळतात हे खरंच आहे. नाशिकला द्वारका चौकात मिळत नाहीत एवढंच.

१९८७ चं मॉडेल, ३५ हजाराला घेतली सिन्नरहून. आणली तेव्हा चालत होती बरं का, सिन्नर ते नाशिक स्वतः चालवत आणली, तिसरा गिअर सुटायचा म्हणून हाताने धरून. तो एक तास माझ्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी आहे आणि आता हिशोब केला तर कळतं की त्या गाडीने मला दिलेला तो एकच तास.

कारण घरी आणल्यावर मी काय केलं तर ती चालवायची सोडून उघडायला बसलो. डेंटरने, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याने, खालून बघितली, स्क्रूड्रायव्हर टोचला, तो पत्र्यातून आरपार गेला. म्हणाला साहेब हा फ्लोअर नाहीये, हे रंगाचं पापुद्रं आहे. आधीच्या कोणीतरी गंजावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून भरून वर रंग मारलेला. मग दोन्ही बाजूचा फ्लोअर कापला, पुढच्या सीटा काढल्या, दारं उतरवली, चारी काचा काढल्या, क्रोमच्या पट्ट्या काढल्या. काढताना किती जोर येतो अंगात! दहा-अकराचा पाना हातात आला की माणसाला वाटतं आपण इंजिनिअर आहोत. नटबोल्ट मी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांमध्ये भरले आणि एकाही पिशवीवर काही लिहिलं नाही, कारण लक्षात राहील ना. ही एक चूक सांगून ठेवतो, यापुढचं काही नाही वाचलं तरी चालेल, पण पिशवीवर मार्करने लिहा.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. डेंटर गावी गेला, परत आला तेव्हा त्याची जागा गेलेली होती, मालकाने गाडी उचला म्हणून निरोप धाडला आणि अशी ती अर्धी कापलेली गाडी मामाकडे आली, महिनाभरासाठी.

मधल्या काळात मी पार्ट गोळा करत होतो. हा एक वेगळाच आजार आहे. गाडीचं काम एक इंच पुढे सरकत नाही पण कुर्ल्याला सीएसटी रोडवर टेललॅम्पची काच सापडली की आठवडाभर माणूस खूश. बायकोला वाटायचं काम चालू आहे. मलाही वाटायचं. हेडलाइटची रिंग, मागच्या काचेचं रबर, एक जास्तीचा कार्ब्युरेटर, सगळं घरातल्या पलंगाखाली. सगळा मिळून खर्च १ लाख ६० हजारांच्या वर गेला आणि ते मी बायकोला आत्ता हे वाचताना पहिल्यांदा सांगतोय.

आणि आरसीची गंमत वेगळीच. जुन्या गाडीचं रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, दर पाच वर्षांनी, तर हिचं २०२२ मध्ये संपलं. रिपासिंग करायचं तर गाडी पेठ रोडला आरटीओत उभी करावी लागते, उभी करायला ती चालायला पाहिजे, चालायला काम पूर्ण व्हायला पाहिजे, आणि काम कशाला पूर्ण करायचं कागदच नाहीत तर, असं ते चक्र. त्यात त्याच वर्षी १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या गाडीची रिपासिंग फी ६०० ची थेट ५ हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. मग कोणीतरी म्हणालं अरे व्हिंटेजमध्ये कर ना रजिस्टर, २०२१ मध्ये नियम आलाय, नंबरप्लेटवर व्हीए येतं. आलाय खरा, पण त्याला गाडी ५० वर्षांची लागते, मूळ रूपात लागते, वीस हजार फी, आणि रोज चालवायची परवानगी नाही. माझी पन्नास वर्षांची होणार २०३७ साली. मामाला हे सांगितलं नाही मी.

आता दुसरी बाजू. या सगळ्या काळात माझ्याकडे एक चालू गाडी होतीच. मारुती झेन. १९९८ ची, एमएच १५ म्हणजे नाशिकच्याच नंबरची, २००९ मध्ये ८५ हजारांना घेतलेली, वेड म्हणून नाही, पोरगी झाली होती आणि पावसात बाइकवर तिला दवाखान्यात न्यायचं जमेना म्हणून. तिला मी कधी छंद मानलंच नाही. मित्रांमध्ये गाड्यांचा विषय निघाला की मी ११८ बद्दल बोलायचो, आणि आमच्या रविवारच्या मिसळीला यायचो झेनने.

झेनबद्दल आता बोलतो, तेवढा न्याय तिला द्यायला पाहिजे. १९९३ ला आली, ९९३ सीसी, ॲल्युमिनियमचं इंजिन, ५० हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम साडेसातशे किलो. इथनं बनून युरोपात जायची ती, तिकडे सुझुकी अल्टो म्हणून विकली जायची. बुटकी, बसताना खाली बसतोय असं वाटतं, पण वळणावर जी चिकटते ना, आजच्या उंच गाड्यांमध्ये ते नाही. वणीच्या घाटात तिसऱ्या गिअरवर वर जाताना तिचा जो आवाज येतो त्यासाठी मी अजून एसी बंद करून काच खाली घेतो.

पण ॲल्युमिनियमचं इंजिन म्हणजे तापलं की गेलं. हे मला कसारा घाटात कळलं. मे महिना, ठाण्याहून परत येतोय, मागे बायको, सासूबाई, पोरगी आणि आंब्याच्या दोन पेट्या. घाटात एक ट्रेलर आडवा, सगळं जाम. पहिला गिअर, क्लच, पहिला गिअर, क्लच. गाणी चालू. मधेच गोड गोड वास आला, मला वाटलं आंबे. बोनेटमधून वाफ निघाली तेव्हा कळलं कूलंट. रेडिएटरचा फॅन लागतच नव्हता, स्विच गेलेला. मी चाचांना फोन लावला, चाचा म्हणजे वडाळा नाक्याचे आमचे मिस्त्री, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेठ, टेम्परेचरचा काटा बघितला नाही का?" मग म्हणाले बंद नको करू लगेच, हीटर फुल चालू कर, ब्लोअर फुल, काचा खाली, इंजिनातली गरमी आत येऊ दे. मे महिन्यात कसाऱ्यात हीटर. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. काटा जरा खाली आल्यावर साइडला घेऊन बंद केली, दोन तास थांबलो, बाटल्यांनी पाणी घालत घालत इगतपुरी गाठलं.

तरीही इंजिनचं हेड वाकलंच. लेथवर नेऊन फेसिंग मारलं, गॅस्केट, टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, सगळे मिळून ११ हजार. चाचांनी बिलाबरोबर प्रवचन पण दिलं, ते फुकट. म्हणाले गाडी सांगत असते, तुम्ही लोकं ऐकत नाही, तुम्हाला इंजिन खोलायची हौस, काटा बघायची नाही. मला तेव्हा राग आला होता. आता समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून पुढे भिवंडीजवळ आमण्यापर्यंत चालू झाल्यावर, जून २०२५ मध्ये, घाट टाळून बोगद्यातनं जाता येतं, पण मी अजून दर दोन मिनिटांनी काट्याकडे बघतो, सवयच लागली.

चाचांचं वय आता सत्तरीकडे. कानाने कार्ब्युरेटर लावतात. एका हाताने रेस धरायची, दुसऱ्या हाताने मिक्स्चरचा स्क्रू, मान तिरकी, डोळे बंद, पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे, आणि एका क्षणी इंजिन असं शांत होतं की बोनेटवर चहाचा ग्लास ठेवला तर हलत नाही. त्यांचा पोरगा स्कॅनर लावून नव्या गाड्यांचं काम करतो, चांगलं करतो, चाचांपेक्षा जास्त कमावतो. त्याला मी विचारलं तू शिकला का नाहीस हे, तर म्हणाला कार्ब्युरेटरवाल्या गाड्या महिन्यात दोन येतात दादा, आणि त्यातली एक तुमची. काय बोलणार!

तर मूळ मुद्दा. आमच्या रविवारच्या मिसळीला पाच-सहा जण जमतो, सगळ्यांना गाड्यांचं वेड, आणि दर रविवारी तोच वाद, गाडी ओरिजिनल ठेवायची की बदलायची, घ्यायची तर नवी की जुनी. नावं लिहीत नाही, गाडीवरनं ओळखा.

एक एस्टीमवाला. त्याच्याकडे एस्टीम नाहीये, त्याच्याकडे झेनच आहे, पण आत एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं, ८५ हॉर्सपॉवर, त्या एवढ्याशा गाडीत. दोघी एकाच घराण्यातल्या त्यामुळे इंजिन बसतं, पण बसतं म्हणणं आणि बसवणं यात फरक आहे. माउंटिंग बदलावे लागले, वायरिंग सगळं नवीन, रेडिएटर मोठा, ब्रेक मोठे. आणि इथं नाशिकचा फायदा सांगतो, जो आपल्या लोकांना कळत नाही. अंबडला, सातपूरला एमआयडीसीत गल्लोगल्ली टर्निंगची दुकानं. महिंद्राचा कारखाना इथं, स्कॉर्पिओ २००२ पासून इथनं निघाली, नवी थार इथली, त्यामुळे त्यांना माल पुरवणारे शेकडो छोटे वर्कशॉप. जुना बुश घेऊन जा, मोडका फ्लँज घेऊन जा, माणूस व्हर्निअर लावतो, म्हणतो संध्याकाळी ये. पुण्यामुंबईचे लोक ज्या पार्टसाठी परदेशातनं मागवतात तो इथं एखादा शिफ्ट संपलेला ऑपरेटर चहाच्या पैशात बनवून देतो. एस्टीमवाल्याने चौदा महिन्यांत गाडी उभी केली ती याच जोरावर.

कायद्याचं बोलायचं तर ते अवघड आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जी गाडी जशी दिली आणि आरसीवर जे लिहिलं त्यात बदल नको, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला ५ हजार दंड, वर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीएनजी किट चालतं, मान्यताप्राप्त असेल आणि आरसीवर चढवलं तर. दुसऱ्या जातीचं इंजिन टाकून आरसीवर जुनाच नंबर ठेवणं हे नाही चालत, आणि पोलिसाचं सोडा, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारणार. एस्टीमवाला म्हणतो बघू. मला ते बघू पटत नाही, समोरच्या गाडीतल्या माणसाचा काय दोष? हा वाद आमच्यात तीनदा झालाय आणि एकदा तर्रीची वाटी सांडलीय त्यात. पण एक मान्य करतो, त्याने गाडी पूर्ण केली. मी नाही केली. त्याने आधी बजेट लिहिलं, मग इंजिन आणलं, मग गाडी उघडली. मी आधी गाडी उघडली.

दुसरा जीपवाला. दिंडोरीकडचा बागायतदार, घरात आजोबांपासूनची महिंद्रा, प्यूजोच्या डिझेल इंजिनवाली एमएम ५४०. तो गाडी बदलण्याच्या एकदम बाजूचा, जीप म्हणजे काय तर चेसिस, बाकी आपल्या मनाचं, म्हणतो. बॉडीचा पत्रा नवा, सीट नव्या, पुढे विंच लावलाय जो त्याने आजवर दोनदा वापरला, दोन्ही वेळा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर काढायला. तो मला म्हणाला, तू गाडीला देव्हाऱ्यात ठेवलंस, मी जुंपलीय, म्हणून माझी जिवंत आहे. बोचलं मला ते, पण मिसळ तोंडात होती, उत्तर दिलं नाही.

तिसरा नवीवाला. नवी मोठी एसयूव्ही, सीटवरचं प्लास्टिक सहा महिने काढलं नव्हतं. शोरूममधनं गाडी थेट पीपीएफ, म्हणजे रंग जपायची पारदर्शक फिल्म, लावायला नेली, त्यावर सिरॅमिक कोटिंग, लाखभर रुपये त्यातच. पावसात काढत नाही, मुरुमाच्या रस्त्याने नेत नाही, मिसळीला आला तरी पार्किंग दिसेल असं टेबल पकडतो. मी पूर्वी त्याला हसायचो. आता हसत नाही, कारण त्याची न चालवलेली गाडी आणि माझी न चालणारी गाडी यात फार अंतर नाही, त्याची चकाकते एवढंच.

पूर्वी नाशिकला राष्ट्रीय रॅली स्पर्धेचा टप्पा व्हायचा तेव्हा आम्ही सगळे जायचो, कच्च्या रस्त्याच्या कडेला उभे राहून धूळ खायची, जिप्सी, एस्टीम, सेडिया दगडगोटे उडवत जायच्या. वेड तिथनं लागलं असं प्रत्येकजण सांगतो. पण त्या ड्रायव्हरांच्या मागे रात्रभर गाडीखाली झोपलेले मेकॅनिक असायचे, ते आम्हाला कोणाला आठवत नाहीत. मलाही हे लिहिताना आठवलं.

पण मला खरा धडा दिला तो यातल्या कोणीच नाही. इंदिरानगरला आमच्याच बिल्डिंगमधले खालचे काका, बँकेतनं रिटायर. त्यांच्याकडे मारुती ८००, २००४ ची. एवढ्या वर्षांत एकच मालक. त्यांना गाड्यांचं वेड अजिबात नाही, इंजिन किती सीसी विचारलं तर आरसी काढून बघतील. पण डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लांबट डायरी आहे आणि त्यात गाडी घेतल्यापासून भरलेल्या प्रत्येक पेट्रोलची नोंद. तारीख, किलोमीटर, लिटर, पंप. ऑइल बदललं, एअर फिल्टर, वायपरचं रबर, बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर, सगळं निळ्या शाईत, आणि बिघाड लाल शाईत. लाल फार कमी.

एकदा मी ती डायरी घेऊन बसलो. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं, पेट्रोल आल्यापासून काय फरक पडला ते मला बघायचं होतं, कारण सगळीकडे नुसता आरडाओरडा आणि आकडा कोणाकडेच नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, मग २० टक्के मिसळलं तर सहा-सात टक्के ॲव्हरेज पडायला पाहिजे. काकांच्या डायरीत पूर्वीचं शहरातलं १८ चं ॲव्हरेज आता पावणेसतराच्या आसपास. इतकं चपखल बसलं की मी परत मोजलं. माझ्या झेनला याचा वेगळा त्रास, जुन्या रबरी नळ्या मऊ पडायला लागल्या, चाचांनी पेट्रोलचा सगळा पाइप आणि पंपाचा पडदा बदलला, आणि सांगितलं उभी नको ठेवू, हे पेट्रोल पाणी ओढतं, टाकीत गंज धरतो, आठवड्यातून दोनदा तरी फिरव. उभी नको ठेवू! मी तेव्हाही शेडचाच विचार करत होतो.

काकांना मी म्हणालो, तुम्ही खरे छंदिष्ट. ते चिडलेच जवळजवळ. "छंद कसला अहो? वापरायची वस्तू आहे, वापरायची तर नीट ठेवायला नको?" आणि कपडा घेऊन काच पुसायला लागले. विषय संपला त्यांच्यासाठी. मी मात्र वर येऊन जिन्यात थांबलो जरा. पलंगाखाली कार्ब्युरेटर ठेवणारा मी, आणि ज्यांना कार्ब्युरेटर म्हणजे काय माहीत नाही ते काका. गाडी कोणाची चालू आहे?

तेव्हापासून मीही डायरी घातलीय झेनमध्ये. पहिल्या पानावर लिहायला घेतलं टायमिंग बेल्ट कधी बदलला ते, आणि आठवेना. पाच वर्षं? सात? किलोमीटर कमी झाले म्हणून आपण पुढे ढकलतो पण रबर काही किलोमीटर मोजून म्हातारं होत नाही. दुसऱ्या दिवशी चाचांकडे टाकली. जुना बेल्ट त्यांनी उलटा वाकवून दाखवला, आतून तडे. "अजून एक उन्हाळा नसता काढला," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात बॅटरीखालचा पत्रा बघितला, ॲसिड सांडून खवले पडलेले, घासून रंग मारून घेतला, पाचशे रुपयांत झालं. हेच ११८ मध्ये तीस वर्षांपूर्वी कोणीतरी पाचशे रुपयांत केलं असतं. (तेव्हा पन्नासच लागले असते.) नवी नंबरप्लेट बसवली, २०२३ मध्ये रिपासिंग झालेलंच आहे, २०२८ पर्यंत काळजी नाही. व्हॉट्सॲपवर कोणीतरी दर महिन्याला टाकतं की पंधरा वर्षं झाली की गाडी जप्त, ते दिल्लीचं प्रकरण आहे, आपल्याकडे फिटनेस पास होतोय तोवर गाडी चालते. लोक ते वाचून चांगल्या गाड्या भंगारात घालतायत, वाईट वाटतं.

मुंबईचे दोघं-तिघं झेन मागून गेले आत्तापर्यंत. नाशिकची गाडी म्हणजे हवा कोरडी, खालून पत्रा चांगला, तिकडच्या गाड्या खारट हवेने खालून चाळण झालेल्या असतात. एक जण दीड लाख म्हणाला. नाही दिली. देणार पण नाही.

मग मामाचा फोन आला मे महिन्यात, यावेळी विमान वगैरे नाही, सरळ म्हणाला, "भाच्या, ब्लोअरची बेअरिंग पावसाने गेली, सतरा हजार बसले. गाडी काढ, नाहीतर मी भंगारवाल्याला सांगतो." मामाने मला भाच्या म्हणलं की समजायचं. त्याच रात्री चार मित्रांना फोटो पाठवले. ६० हजार किंमत लावली, सगळ्या पार्टसकट. वाटलं कोणी फिरकणार नाही. तिसऱ्या दिवशी येवल्याकडचा एक पोरगा आला, सत्तावीस-अठ्ठावीसचा, बाइकवर.

तो शेडमध्ये शिरला आणि मी त्याचा चेहरा बघत होतो. कोंबडी उडाली, त्याला दिसलीसुद्धा नाही. कापलेला फ्लोअर बघितला, म्हणाला हे होऊन जाईल. दारं नाहीत, म्हणाला आहेत ना, लावायचीच फक्त. टाकी उघडून वास घेतला, सहा वर्षांचं पेट्रोल वार्निशसारखं झालेलं, म्हणाला टाकी नवीन बनवून घेऊ. मी त्याला सगळं खरं सांगितलं, कागदाचं सांगितलं, रिपासिंगचं सांगितलं, ट्रान्सफरला दमवतील सांगितलं, पिशव्यांवर नावं नाहीत सांगितलं. मामा मागून खुणा करत होता की गप बस. पोरगा म्हणाला, "दादा, लहानपणी आमच्याकडे एका सरांची होती, हात लावू द्यायचे नाहीत." मी पाच हजार कमी केले.

गाडी गेली, पलंगाखालचं सामान पण दिलं. बायकोने त्या जागी तांदळाची कोठी सरकवली. सोमवारी मामाकडे गेलो तर शेडमध्ये ब्लोअर उभा, आणि कोंबडी त्याच्यावर बसायचा अंदाज घेत होती. भिंतीच्या खिळ्याला दुधाची एक पिशवी लटकलेली सापडली, आत आठ बोल्ट आणि एक क्रोमची क्लिप. कशाचे ते मला सांगता येईना.

काल रात्री त्या पोराला फोन केला, म्हणलं एक पिशवी राहिलीय तुझी, आणून देऊ का, झेनने चक्कर मारतो येवल्याला. तो म्हणाला असू द्या दादा, घाई नाही, सध्या कांद्याचं बघायचंय आणि मग पावसात कुठं उघडी ठेवणार, आत्ता ताडपत्री टाकून ठेवलीय.

"दिवाळीनंतर काढतोच कामाला," म्हणाला.

मी म्हणलं हो हो, निवांत.